ढगाळ दाणे

प्रेवानं विचारलं ते अगदी सहज, जाता जाता. तिच्या हातात बर्फाचा चहा होता, चहा घेऊन प्रयोगशाळेत यायला बंदी, म्हणून ती दारातच उभी होती. मला ती पी म्हणते, म्हणजे ताई. "पी फेंग, ढगाळ दाणे तुम्ही का सोडता?" मी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, "सोडायचे असतात म्हणून." ती "बरं" म्हणाली आणि गेली. एवढंच. पण माझी सुई पुढच्या दाण्यापाशी गेली आणि थांबली. सत्तावीस वर्षं ही सुई स्पिरिटच्या बशीत फिरते आहे, स्वच्छ ते उजवीकडे, ढगाळ ते डावीकडे, आणि हाताला कधी विचार करावा लागला नाही. आता हात विचार करत होता. समोरचा दाणा अर्धा काचेसारखा होता आणि अर्धा दुधाळ, मधे एक बारीक चीर. मी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की तोच आता काहीतरी बोलेल असं वाटायला लागलं. मग मी दिवा बंद केला आणि उगीचच हात धुवायला गेले.

माझं काम सांगायला सोपं आहे. फू फान डोंगरातला वालुकाश्म आणायचा, फोडायचा, कुटायचा, पाण्यात हलवून हलकी वाळू घालवायची, उरलेलं जड द्रवात सोडायचं आणि तळाशी जे बसेल त्यातून झिरकॉनचे दाणे सुईनं एकेक वेचायचे. मिठाच्या कणाच्या अर्धाही नसतो एक दाणा. वेचलेले रांगेनं चिकटवून वर राळ ओतली की दहा बाटच्या नाण्याएवढी चकती तयार होते. पुढचं काम शिकलेल्यांचं. दाण्यात युरेनियम असतं, त्याचं सावकाश शिसं होतं, कुठल्या प्रकारचं शिसं किती झालं ते यंत्र मोजतं आणि दाणा जन्मला कधी ते कळतं. मग त्या वयाचा दगड कुठल्या डोंगरात आहे ते शोधायचं, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्या नदीनं ही वाळू इथवर आणली ते समजतं. आचान म्हणजे प्राध्यापक; आमच्या आचान थविननी इसानची, म्हणजे थायलंडच्या ह्या ईशान्य भागाची, वाळू अशीच शोधत शोधत पार उत्तरेला, चीनच्या डोंगरांपर्यंत नेली होती. खोन केन विद्यापीठातल्या ह्या भूगर्भशास्त्र खात्याचं नाव झालं ते त्या एका नदीवर. आणि ती नदी माझ्या सुईच्या टोकावर उभी होती, हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनातून मला त्याचा गर्व होता, चांगला भरपूर होता. ढगाळ दाणे टाकायचे हा नियमही आचान थविनचाच. ढगाळ दाणा आतून फुटलेला असतो, त्यातलं शिसं गळून जातं आणि मग तो वय खोटं सांगतो. "खोटं बोलणाऱ्यांना आपण साक्षीला बोलवत नाही, फेंग," असं ते म्हणायचे. मीही बोलवलं नाही. फक्त मोरीत ओतून द्यायचं जिवावर यायचं, धान्याची सवय असलेल्या हाताला दाणा नालीत जाऊ देणं जमत नाही, म्हणून मी ते मागच्या अंगणातल्या चाफ्याच्या बुंध्याशी ओतत आले. त्या चाफ्याखाली सत्तावीस वर्षांचे सगळे ढगाळ दाणे एकमेकांत मिसळून पडलेत. कुठला कुठल्या डोंगराचा हे आता देवालाही सांगता येणार नाही.

दुपारी कँटीनमध्ये प्रेवा माझ्यासमोर पपईच्या कोशिंबिरीची ताटली सरकवून बसली. ही पोरगी ऑस्ट्रेलियात शिकून आली, पण कोशिंबिरीत आंबवलेली मासळी नसेल तर ताटली परत पाठवते, म्हणून मला आवडते. हुद्द्यानं ती आचान आणि मी वेचणारी बाई, तरी मी तिला नावानंच हाक मारते आणि ती ओ देते.

"फेल्डस्पार ऐकत नाहीये," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"कोणाचंच. पी, वाळूतल्या फेल्डस्पारच्या कणांमध्ये पण शिसं असतं. आणि प्रत्येक मुलखाचं शिसं वेगळं, बोलण्यावरून माणसाचं गाव कळतं ना, तसं. आपल्या फू फानच्या वाळूतला निम्मा फेल्डस्पार उत्तरेचा नाहीच. मेकाँगच्या पलीकडच्या डोंगरांतला आहे. म्हणजे इथला, जवळचा."

"आणि झिरकॉन?"

"ते एकूण एक उत्तरेचे. म्हणजे त्या डोंगरांनी फेल्डस्पार तेवढा पाठवला आणि झिरकॉन घरी ठेवून घेतले. असं होतं का कधी?" तिनं चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबला. "तिथल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम फार आहे. ते दाण्याला आतून पोखरतं. सगळे दाणे ढगाळ. म्हणून सकाळी विचारलं."

मी कोशिंबिरीतली मिरची बाजूला काढली. ती म्हणाली, "मी तुमच्यावर बोट ठेवत नाहीये हं, पी."

"ठेव की. आधी त्याला लागलेला भात पूस."

ती हसली, मीही हसले, पण ताटली अर्धीच राहिली. संध्याकाळी नेहमीसारखी तळ्यावर गेले. बुंग केन नखोनच्या काठी रोज पाचला दोनशे बायका रांगा करून कवायत करतात, पुढे चौथऱ्यावर एक लवचीक पोरगा मोठ्यानं आकडे मोजत असतो, आणि माझी जागा चौथ्या रांगेत, डोळ्यांना पाणी दिसेल अशी. हात वर, हात खाली. मला भीती वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला. खात्यात कपाटांचे खण भरून चौदाशे चकत्या आहेत, प्रत्येकीवर माझ्या हातचा नंबर, आणि सप्टेंबरअखेर मला साठ पुरी होऊन मी घरी जाणार होते, पाच आठवडे राहिले होते. आचान थविन एका डोंगराबद्दल चुकले तर ते मोठ्या माणसाचं चुकणं, त्यावर चार लोक लेख लिहितील. पण वेचणारी चुकली तर तिच्याजवळ दुसरं असतं काय? मी उत्तरेची नदी शोधायला मदत केली की माझ्या सुईनं दुसरी कुठली नदीच पुसून टाकली? नवा दगड आणून, फोडून, पुन्हा वेचून बघायला तीन महिने लागतात. म्हणजे हे कळेपर्यंत मी गावी आईपाशी बसलेली असणार, आणि कळेल ते कुणाच्या तरी फोनवरून. उजवा पाय, डावा पाय. माझा पाय चुकला. शेजारची बाई म्हणाली, "काय हो, आज वय झालं वाटतं." मी म्हटलं, "कालच झालं, तुम्हाला सांगायचं राहिलं."

आणि पाय चुकला तसा सगळा दिवसच मागे घसरला. मी सात-आठ वर्षांची, घराच्या लाकडी जमिनीवर, मांडीत बांबूचं सूप, सुपात तांदूळ. आम्ही चिकट तांदूळ खाणारे लोक. तो वाळला की पांढरा, दुधाळ, अपारदर्शक असतो. साध्या तांदळाचं बी शेतात मिसळलं तर सुपात मधेच काचेसारखे दाणे दिसतात, आणि ते काढायचे, नाहीतर वाफवल्यावर कच्चेच राहतात आणि दाताखाली करकरतात. आई शेजारी बसून कापूस पिंजत म्हणायची, "इनांग, पोरी, जो आरपार दिसतो तो आपला नाही." मी ते काचेसारखे वेचून कोंबड्यांना टाकायची. पुढे बत्तिसाव्या वर्षी मी ह्या खात्यात फरशी पुसायला लागले, आणि आचान थविनच्या चष्म्याचा हरवलेला स्क्रू मला झाडूच्या काड्यांत दिसला, तर त्यांनी मला तिथल्या तिथे मायक्रोस्कोपपुढे बसवलं. "ह्यातले चांगले दाणे वेगळे कर," म्हणाले आणि तासाला निघून गेले. काय चांगलं ते सांगितलं नाही. चांगला दाणा कुठला, हे इसानच्या बाईला सांगावं लागतं का? मी दिवसभर मान मोडून सगळे दुधाळ, ढगाळ दाणे वेचून रांगेनं लावले, काचेसारखे एका बाजूला लोटून दिले, आणि एवढं नीट काम बघून तिथल्या मदतनिसानं न पाहताच वर राळ ओतली. संध्याकाळी आचान आले, चकती उजेडात धरली आणि इतके हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. मग मी सुपातल्या तांदळाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला समजावलं, "इथे उलटं असतं. जो आरपार दिसतो तोच आपला." दुसऱ्या दिवसापासून मी उलटं वेचायला लागले. आणि ती चुकीची चकती त्यांनी भोक पाडून गाडीच्या किल्लीला अडकवली. दरवर्षी गुरुपूजेच्या दिवशी नव्या मुलांपुढे ती किल्ली वर धरून ते ती गोष्ट सांगायचे, ठरलेल्या शब्दांत, आणि शेवटी ठरलेलं थांबून म्हणायचे, "आणि ह्या बाईनं दिवसभर बसून मला काय वेचून दिलं? भात." सगळी मुलं हसायची. मीही हसायची, ओठांनी.

कवायतीच्या मधोमध मी थांबले. मागची बाई माझ्यावर आदळली. चौथऱ्यावरचा पोरगा पाच, सहा, सात करत होता आणि मला आत कुठेतरी पाणी सुटल्यासारखं झालं, भीतीच होती ती, पण तिला गुदगुल्या होत होत्या. किल्लीची ती चकती. फू फानचा पहिला दगड. त्यातले सगळे ढगाळ दाणे. मागच्या बाजूला माझ्या हातचा नंबर. तेवढेच ढगाळ दाणे चाफ्याखाली गेले नव्हते, ते आचान थविनच्या खिशात होते.

सकाळी प्रेवाला बरोबर न नेता मी एकटीच त्यांच्या घरी गेले. ते शहात्तर वर्षांचे आहेत, मागच्या सिमेंटच्या टाकीत मांगूर मासे पाळतात आणि त्यांना इंग्रजी नावं ठेवतात. मला बघून म्हणाले, "निरोप समारंभ पुढच्या महिन्यात आहे ना? आजपासून रडायला आलीस?"

"किल्ली हवी होती, आचान."

"गाडी? तुला चालवता येते?"

"गाडी राहू दे. भात पाहिजे."

त्यांनी खाद्याची वाटी खाली ठेवली. मी प्रेवाचं फेल्डस्पारचं सगळं सांगितलं, माझ्या भाषेत, चुकत माकत. मेकाँगपलीकडचे डोंगर म्हटल्यावर ते टाकीकडे बघायला लागले. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि खाद्य येत नव्हतं. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी येऊन त्याची नदी मागते आहे. सत्तावीस वर्षं ह्यांनी मला पगार, मान, डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळं दिलं, आणि जाता जाता मी हे करते. किल्ली न घेता निघावं असंही वाटलं. मग त्यांनी खिशातून जुडगा काढला. कडीत नख घालून ओढायला लागले, पण ती निघेना. मी पिशवीतली सुई काढली आणि कडी उघडली.

"मी ती गोष्ट सांगायचो तेव्हा तुला राग यायचा?"

"यायचा."

"बोलली का नाहीस?"

"वर्षातून एकदाच यायचा, आचान."

ते मान हलवून हसले, पण नेहमीचं हसणं नव्हतं ते. चकती माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं मिटली. "नाण्यांनी घासली गेलीय," म्हणाले. "नीट पॉलिश कर. आणि आकडे आले की खोटं सांगू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको." मग वाटी उचलून माशांकडे वळले, आणि मी फाटकापर्यंत पोचले तरी मला त्यांचा आवाज येत होता, ते एका मांगराला हावरट म्हणत होते.

चकती मी स्वतः घासली. बारीक कागदावर, मग आणखी बारीक, मग आम्लानं धुऊन वर बसलेलं नाण्या-किल्ल्यांचं शिसं घालवलं. हळूहळू ओरखडे गेले आणि आतून त्या बत्तीस वर्षांच्या बाईच्या रांगा वर आल्या. बासष्ट दाणे. काय सरळ रांगा होत्या. आता माझ्याकडून इतक्या सरळ होत नाहीत. तिला काही माहीत नव्हतं आणि तिचा हात किती ठाम होता. मला तिचा हेवा वाटला आणि मायाही आली.

यंत्राच्या खोलीत थंडी असते, आम्ही दोघी स्वेटर घालून बसलो. लेझरचा ठिपका आता इतका बारीक झालाय की ढगाळ दाण्याच्या आत एखादा शाबूत कोपरा राहिला असेल तर तेवढाच जाळता येतो. पडद्यावर पहिला दाणा आला, डोंगराएवढा, भेगाळलेला. प्रेवानं कोपरा निवडला. दाण्यातलं युरेनियम दोन जातींचं, म्हणजे घड्याळं दोन; दोघांचे आकडे आले आणि एकमेकांशी भांडले. "खोटं बोलतोय," ती म्हणाली. दुसराही खोटं बोलला. तिसरा, चौथा, सहावा. मला आचान थविन बरोबर निघतील असं वाटायला लागलं, आणि त्यात मला सुटल्यासारखं वाटावं की वाईट वाटावं ते ठरेना. नवव्या दाण्यावर मी म्हटलं, "तिथे नको, जरा खाली, त्या चिरेच्या अलीकडे." कसं कळलं ते मला विचारू नका, डोळ्याला कळलं. प्रेवानं ठिपका सरकवला. बारीक प्रकाश उडाला. ती पडद्याकडे वाकली.

"साडेचोवीस कोटी," ती म्हणाली. मग आणखी हळू, "दोन्ही घड्याळं जुळतायत, पी."

"मेकाँगपलीकडचे डोंगर किती जुने?"

"तेवढेच."

पुढचे दाणे मी दाखवायचे आणि तिनं जाळायचे असं सुरू झालं. चोवीस कोटी चाळीस लाख. पुन्हा साडेचोवीस. मधेच एक खोटं बोलायचा, आम्ही त्याला शिव्या द्यायचो आणि पुढे जायचो. बासष्टपैकी एकोणीस दाण्यांत शाबूत कोपरा मिळाला आणि त्यातले पंधरा एकाच गावचे निघाले. जवळचे. असे पोखरलेले दाणे लांबचा प्रवास करूच शकत नाहीत, वाटेत त्यांचा भुगा होतो, म्हणून तर ते जवळचे. मला एकदम ती नदी दिसली, पूर्वेकडून येणारी, रुंद, गढूळ, भेगाळलेले दाणे सांभाळून आणणारी. मी स्वेटरच्या बाहीत तोंड घालून हसायला लागले, आणि हसता हसता विचारलं, जे विचारायचं होतं तेच, "म्हणजे माझं सत्तावीस वर्षांचं खोटं का?"

"खोटं नाही हो, पी. अर्धं. उत्तरेची नदी आहेच. तिला दुसरी येऊन मिळत होती, तिचं आपण ऐकून घेतलं नव्हतं." मग ती म्हणाली, "आणि वेचलं कोणी? दोन्ही तुम्हीच वेचल्या."

मी बाहेर चाफ्याखाली जाऊन आईला फोन लावला. ती शहाऐंशी वर्षांची आहे, फोनवर ओरडून बोलते. मी सगळं सांगितलं, वाळू, नदी, पलीकडचे डोंगर. ती म्हणाली, "आपले आजेपणजे पण मेकाँग ओलांडून तिकडूनच आले. त्यांच्यासाठी यंत्र लागलं नाही कुणाला."

"आई, तू म्हणायचीस ना, आरपार दिसतो तो आपला नाही. ते खरं निघालं."

"निघणारच."

"पण तू ते तांदळाबद्दल म्हणत होतीस."

"मी कधी म्हटलं तांदळाबद्दल?" ती म्हणाली. "बरं, येताना तंबाखू आण."

आकडे मी आचान थविनना त्याच दिवशी फोनवर वाचून दाखवले, खोटे बोललेले दाणेसुद्धा. ते सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "पंधरा. बरं." आणि फोन ठेवला. मग उरलेले आठवडे मी प्रेवानं सांगितलं तसं काम केलं. न निवडता, बशीत जसा येईल तसा दाणा उचलायचा, स्वच्छ, ढगाळ, फुटका, सगळे एका रांगेत. पहिले दोन दिवस हात रुसला. डावीकडे जायला बघायचा. मग त्याला त्यातली मजा कळली, आणि मी गाणं गुणगुणत उचलायला लागले, जे मी कधी केलं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी खात्याच्या सभागृहात केळीच्या पानांचा मनोरा मांडला होता आणि सगळे ओळीनं येऊन माझ्या मनगटांना आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधत होते. प्रेवानं तीन गाठी मारल्या, एक सुटेल म्हणून. दोन्ही हात कोपरापर्यंत दोऱ्यांनी भरले तेव्हा आचान थविन उभे राहिले आणि त्यांनी किल्ली वर धरली. तिला आता चकती नव्हती, नुसती किल्ली होती. आणि त्यांनी तीच गोष्ट सुरू केली. चष्म्याचा स्क्रू. झाडू. मायक्रोस्कोप. ठरलेले शब्द, ठरलेल्या जागी थांबणं. जुनी मुलं आधीच हसायला लागली. माझी मान आपोआप खाली गेली, ओठ सवयीनं तयार झाले. "मी संध्याकाळी आलो," ते म्हणाले, "चकती उजेडात धरली, आणि इतका हसलो की मला खुर्ची घ्यावी लागली." मग ते थांबले, नेहमीपेक्षा जास्त. "आणि ह्या बाईनं दिवसभर बसून मला काय वेचून दिलं होतं? नदी. सत्तावीस वर्षं मी ती खिशात घेऊन फिरलो आणि तिच्या किल्लीनं गाडी सुरू करत राहिलो."

कुणी हसलं नाही, कारण इथे हसायचं असतं हे कुणाला कळलं नाही. ते माझ्याकडे बघत उभे होते, किल्ली अजून वर धरलेली. मग सगळ्यांच्या आधी मीच हसले, तोंड उघडून, आणि मग हळूहळू सगळी खोली हसायला लागली.